सोसायटी ग्रुप: मीनाकाकूंचा दाबायचा टॉर्च

मीनाकाकू (सी-३०४): ग्रुपवर इलेक्ट्रिकलचं कोणाला कळतं? लेक गौरी आलीये नेदरलँड्समधून, आइंडहोवनहून. तिकडे २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो, त्या दिवशी लोक घरातलं जुनंपानं रस्त्यावर मांडून विकतात. तिथून हे उचलून आणलंय. दांडा दाबला की दिवा लागतो म्हणे. आमचा दांडा अर्ध्यातच अडकतो. फोटो टाकलाय.

रोहन (बी-१०१): काकू, स्टेपलर आहे का? 😄

नेनेकाका (ए-५०३): स्टेपलर नाही रे. हाताच्या डायनॅमोचा टॉर्च. मीनाताई, अंगावर कुठे फिलिप्सचं नाव आणि ७४२४ आकडा दिसतो का बघा.

मीनाकाकू (सी-३०४): भिंग लावून बघितलं. दोन्ही आहे! तुम्ही फोटोवरून कसं ओळखलंत?

नेनेकाका (ए-५०३): जन्म गेला मोटारी रिवाइंड करण्यात. असली खेळणी दुकानात यायची अधूनमधून. हे दुसऱ्या महायुद्धातलं मॉडेल. नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात, रात्री ब्लॅकआऊट, आणि बाजारात सेल मिळेनात. म्हणून १९४३ च्या सुमाराला फिलिप्सने बिनसेलचा टॉर्च काढला. युद्धानंतरही विकत होते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून 'युद्धातलाच' असं ठोकून देऊ नका. अंग कशाचं आहे?

मीनाकाकू (सी-३०४): तपकिरी प्लास्टिक वाटतंय.

नेनेकाका (ए-५०३): अंगठ्याने एका जागी जोरात घासा, गरम होईपर्यंत. मग वास घ्या.

मीनाकाकू (सी-३०४): ई! दवाखान्यात फरशी पुसतात तसला वास.

नेनेकाका (ए-५०३): कार्बोलिकचा. म्हणजे बेकलाइट, जुन्या काळचं कडक प्लास्टिक. तापवलेली सुई टोचून बघा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, डाग कायमचा राहतो.

सेक्रेटरी (ए-२०१): कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरता वापरावा. टँकर ५ वाजता येईल.

रोहन (बी-१०१): सर, सकाळी सकाळी फुलांचे जीआयएफ कोण टाकतं 🙏

समीर (सी-१०२): काकू, माझ्याकडे डब्ल्यूडी-४० आहे, अडकलेलं-गंजलेलं सोडवायचा स्प्रे. दोन फवारे मारू, सुटेल. आणि बल्ब काढून एलईडी टाकू. बॉडीला ब्रासो पॉलिश मारलं की एकदम नवा!

नेनेकाका (ए-५०३): समीर, हातही लावू नकोस. फवाऱ्याने जुनं ग्रीस पातळ होऊन थेट कॉइलवर जाऊन बसेल. ब्रासोने बेकलाइटची वरची चकाकी निघते आणि आत मिसळलेला लाकडाचा भुसा उघडा पडतो. तो पाणी ओढतो, मग अंग पांढुरकं पडतं, परत येत नाही. एलईडीचं म्हणशील तर डायनॅमो एसी देतो, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज, दिवा फडफडणार. शिवाय एलईडी फारसा लोडच घेत नाही, जोरात दाबलंस की व्होल्टेज चढून तोच उडेल.

समीर (सी-१०२): मग करायचं काय, पूजा?

नेनेकाका (ए-५०३): दांडा अडकतो म्हणजे बहुतेक ग्रीस वाळून खळीसारखं घट्ट झालंय. आत दांड्याच्या दात्यांवरून गिअर फिरतात आणि शेवटी जड चाक गरगरतं. दांडा परत येताना चाक मोकळं सुटतं, म्हणून उजेड लगेच विझत नाही. मी स्क्रू काढून गिअर रॉकेलच्या ब्रशने पुसतो, दातऱ्या टूथपिकने. मग शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब, फक्त आसांवर. चुंबक मात्र जागेवरून हलवायचं नाही. त्या काळचं चुंबक लोखंडाच्या घेऱ्यातून बाहेर काढलं की कमजोर पडतं, मग कितीही दाबा, काजव्याएवढाच उजेड.

मीनाकाकू (सी-३०४): आणि बल्ब?

नेनेकाका (ए-५०३): आधी सेल लावून बघायचं, तार लालसर झाली तरी पुरे. गेला असेल तर त्याच्या पितळी कडेवर व्होल्ट-अँपिअर कोरलेले असतात, तेच आकडे हवेत. कमी व्होल्टचा लावला की पहिल्या चार दाबांत फुस्स. आट्यांचे जुने बल्ब बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मिळतात कधीकधी. बल्ब चांगला असून दिवा नाही, तर मल्टिमीटरने कॉइल. तार तुटते ती बहुतेक वेळा सोल्डरच्या टाक्याशीच, सगळी गुंडाळायची वेळ येत नाही.

मीनाकाकू (सी-३०४): गौरी बोलतेय, आईच्या फोनवरून. काका, ब्रासोला नाही म्हणालात ते फार बरं केलंत. आमच्या गावाच्या उत्तरेला फ्युख्त म्हणून ठिकाण आहे. तिथे नाझींची छळछावणी होती, आता स्मारक आहे. १९४३ मध्ये छावणीच्या आत फिलिप्सचं वर्कशॉप होतं. कैदी तिथे रेडिओ जुळवायचे, आणि हेच टॉर्च. कंपनीचा संचालक फ्रिट्स फिलिप्स याने या कामगारांना रोज एक गरम जेवण मिळेल अशी अट घातली होती. कैद्यांनी त्या जेवणाला 'फिलिप्राक' नाव ठेवलं होतं.

रोहन (बी-१०१): मग ते सगळे वाचले?

मीनाकाकू (सी-३०४): नाही. जून १९४४ मध्ये वर्कशॉपमधल्या ज्यूंना ऑश्विट्झच्या मृत्युछावणीत पाठवलं. पण कसबी कामगार म्हणून त्यातल्या बऱ्याच जणांना लगेच मारलं नाही, दुसऱ्या कारखान्यांत नेलं. ३८२ जण वाचले. पुढे याद वाशेम या इस्रायलच्या ज्यू-संहार स्मारक संस्थेने फ्रिट्स फिलिप्सचा सन्मान केला.

समीर (सी-१०२): बापरे. ब्रासो रद्द.

सेक्रेटरी (ए-२०१): हे माहीत नव्हतं. गौरी, गणपतीत क्लब हाउसमध्ये ठेवूया का? मुलं बघतील.

नेनेकाका (ए-५०३): ठेवा, पण काचेच्या पेटीत आणि उन्हापासून लांब, बेकलाइटचा रंग उन्हाने बिघडतो. मुलांच्या हातात द्यायला समीर सायकलचा जुना डायनॅमो आणेल. चालेल ना रे?

समीर (सी-१०२): चालेल काका. भंगारवाल्याला देणारच होतो.

नेनेकाका (ए-५०३): मीनाताई, टॉर्च शनिवारी दुपारी आणा, चारनंतर. तोवर दांडा जोर लावून दाबू नका, स्प्रिंग मोडली तर तशी दुसरी मिळणार नाही. आणि स्क्रू आधी तुम्हीच सोडवून आणू नका, हे सांगितलेलं बरं.

मीनाकाकू (सी-३०४): दोन सोडवून झालेत. वाटीत ठेवलेत.

नेनेकाका (ए-५०३): वाटी तशीच घेऊन या. उपडी करू नका.

सेक्रेटरी (ए-२०१): टँकर आला आहे.