खोल्या भरल्या की पाहुणे मैत्रिणीकडे पाठवायचे, त्याचं कमिशन घ्यायचं का?

जावळीची सून
सातारा-कास-बामणोली रस्त्याला आमच्या तीन खोल्या आहेत. माणशी १२०० रुपये, त्यात दोन वेळचं जेवण आणि नाश्ता. या पट्ट्यातल्या आम्हा एकोणीस जणींचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एकीच्या खोल्या भरल्या की ती ग्रुपवर टाकते, ज्या घरी जागा असेल तिथे पाहुणे जातात. कुणी कुणाला पैसे देत नाही. आता एका नव्या ताईंनी मांडलंय की पाहुणे पाठवणारीला दहा टक्के द्यावेत. माझा विरोध आहे, आणि का ते सांगते.

कासच्या फुलांचा हंगाम, त्यातला शनिवार. पुण्याच्या दोन गाड्या दारात, अकरा माणसं, त्यात एक आजी. आणि खोल्यांत आधीच दुसरे लोक! ह्यांनी फोनवर एकांना हो म्हटलेलं, मी दुसऱ्यांना. बाहेर पाऊस. तिघींना फोन लावले, सगळीकडे फुल्ल. चौथा फोन खालच्या वाडीतल्या काकींना. काकींनी किती माणसं एवढंच विचारलं आणि म्हणाल्या, "पाठव, पिठलं टाकते." दुसऱ्या दिवशी पैशाचं विचारलं तर, "येडी का काय तू?" पुढे दिवाळीत त्यांचा सिलिंडर ऐन गर्दीत संपला, तेव्हा आमचा जीपमधून पाठवला. यात दहा टक्के कुठे बसवायचे?

हिशोबी वाईकर
सूनबाई, गोष्ट छान आहे. पण ड्रायव्हरला, एजंटला आपण सगळ्याजणी मुकाट्याने कमिशन देतो. बाईला द्यायची वेळ आली की मैत्री आठवते!

मी वाईत घरगुती जेवण देते, दोन खोल्या आहेत, मेणवलीचा घाट बघायला येणारे लोक येतात. मागच्या हंगामात वही ठेवली. मी ३१ जण दुसऱ्यांकडे पाठवले, माझ्याकडे आले ४. त्या प्रत्येकासाठी फोन उचलायचा, रस्ता समजवायचा, आंघोळीला गरम पाणी मिळालं नाही की शिव्याही मीच खायच्या. हे काम नाही का? पुरुषाने केलं की धंदा आणि बाईने केलं की माया, हे कुठवर चालवायचं?

जावळीची सून
काम आहे, मान्य. पण मी फुकट पाठवते तेव्हा पाहुण्याचा विचार करून पाठवते. आजीबाई असतील तर जिथे कमोड आहे तिथे. उद्या दहा टक्के सुरू झाले की परवा कुणीतरी पंधरा देईल, आणि आजी पंधरावालीच्या जिन्याने वर चढतील.

गाडीवाला मेढा
ड्रायव्हरवर घसरलात म्हणून लिहितो. पाव्हणं तुमच्या खोलीत झोपतात, मी गाडीत. मोठी हॉटेलं पैसे हातावर ठेवतात, पण जेवलास का म्हणून कुणी विचारत न्हाई. ज्या घरात वहिनी आधी ताट वाढतात तिथं मी गिऱ्हाईक आपसूक नेतो. पण हप्ता ताटावर फिटत न्हाई ना! कमिशन वाईट म्हणताना एवढं ध्यानात ठेवा.

चादरीवाली, महाबळेश्वर
विषय "महिला उद्योजकांनी नेटवर्क कसं वाढवावं" या दिशेने चाललाय म्हणून आधीच सांगते, मी अशी पाच प्रशिक्षणं केलीत. फेटे, दीपप्रज्वलन, एक वाजेपर्यंत भाषणं, मग जेवण, मग सही करा आणि फोटोला उभ्या राहा. व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा अजून ड्रॉवरमध्ये पडून आहे.

कामाचं एकच मिळालं, तेही जेवणाच्या रांगेत. आमच्याकडे पावसाळ्यात चादर तीन-तीन दिवस वाळत नाही. कुबट वास येतो, पाहुणा नाक मुरडतो आणि इंटरनेटवर एक स्टार देऊन जातो. बारा चादरी दोरीवर, खाली शेगडी, वर घरभर धूर, असं आम्ही किती वर्षं केलं. रांगेत माझ्यापुढे पाचगणीची एक बाई होती. तिने ड्रायर घेतला होता, हप्ता भारी पडत होता. आता आम्ही चौघी तिला चादरीमागे पैसे देतो. हिशोब रोख, दर रविवारी. मैत्री नंतर झाली, आणि ती चादरीइतकीच कोरडी ठणठणीत आहे. म्हणून माझं मत हिशोबी वाईकरांना.

माणदेशी लेक
मी म्हसवडची. आमच्याकडे कास नाही, तापोळा नाही, पाऊसही नाही, पण या भांडणातून आम्ही गेलोय. १९९७ साली इथे माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हांनी पहिल्यांदा परवाना मागितला तेव्हा रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर. मग त्याच बायका अधिकाऱ्यांना म्हणाल्या, वाचता येत नाही पण मोजता येतं, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा. मिळाला परवाना. सांगायचं हे की हिशोब घातला म्हणून एकी मोडली नाही, उलट टिकली.

माझी सूचना: कमिशन एकमेकींना नको. पाठवलेल्या प्रत्येक पाहुण्यामागे ५० रुपये गटाच्या खात्यात टाका. आणि पर्यटन खात्याच्या महिलांसाठीच्या 'आई' धोरणाकडे बघा, २०२३ पासून आहे. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो, सात वर्षं किंवा साडेचार लाख होईपर्यंत. मुख्य अट एवढीच की व्यवसाय बाईच्या मालकीचा आणि तिनेच चालवलेला हवा, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी हवी.

हिशोबी वाईकर
"अट एवढीच" म्हणे! अहो, सातबारा सासऱ्यांच्या नावावर, लाइटबिल दिरांच्या, आणि पाटीवर नाव मुलाचं. गटाच्या खात्याचंही सांगते. आमची भिशी एकदा मोडली, कारण पैसे जिच्याकडे होते तिच्या घरी लग्न निघालं. चोर कुणी नव्हतं, पण पैसेही नव्हते.

आणि सूनबाई, एक विचारते, राग मानू नका. तुमच्या एकोणीस नंबरांपैकी बायकांच्या स्वतःच्या हातातले किती? आमच्याकडे अशाच ग्रुपवर मी रात्री नऊला "खोली आहे का ताई?" टाकलं की उत्तर येतं, "हिला विचारून सांगतो". मग तो ग्रुप बायकांचा कसला?

जावळीची सून
काल रात्री बसून मोजलं. एकोणीसपैकी सात नंबर नवऱ्यांचे, दोन मुलांचे. ग्रुपचा अॅडमिनसुद्धा एकीचा नवरा आहे, हे मला आजवर खटकलंच नव्हतं.

दुसरंही मोजलं, कारण वाईकरताईंची वही डोक्यातून जाईना. गेल्या हंगामात मी ९ वेळा पाहुणे पाठवले, माझ्याकडे १४ वेळा आले. म्हणजे फुकटाचा नियम मला गोड लागत होता तो उगाच नाही. काकींच्या बाबतीत तर लाजच वाटली. वासोटा किल्ल्याला जाणारी ट्रेकची पोरं वर्षानुवर्षं त्यांना ओळखतात, ती जास्त झाली की त्या माझ्याकडे पाठवतात. असं सहा वेळा झालं. मी त्यांच्याकडे पाठवले दोनदा, त्यातली एक ती पावसातली रात्र.

दहा टक्क्यांना माझा विरोध अजून आहे, जिन्याचा मुद्दा कुणी खोडलेला नाही. पण वही घातली आहे.

चादरीवाली, महाबळेश्वर
वही घातलीत ना, मग आज ना उद्या दर पण ठरेल. बघा.

गाडीवाला मेढा
वहीत ड्रायव्हरच्या जेवणाचा एक रकाना करा.

जावळीची सून
केला, दादा.

आज सकाळी काकींकडे गेले होते. ५० रुपयांची सूचना सांगितली, गटाच्या खात्याचं सांगितलं. भाकरी थापता थापता ऐकत होत्या. म्हणाल्या, "पैसं नकोत गं. तुझी पाटी मोठ्या रस्त्याला हाय, माझी वाडी खाली. पाटीवर तुझ्या खाली माझा नंबर घाल." सासऱ्यांना विचारायला हवं, पाटी त्यांनी लावलीय. पण पेंटरला गुरुवारी बोलावलंय. नंबर कुठला घालायचा विचारलं तर काकींनी मुलाचा सांगायला सुरुवात केली, मग थांबल्या, पदराला हात पुसले, डब्यामागून स्वतःचा फोन काढून माझ्या हातात दिला. त्यांना स्वतःचा नंबर पाठ नव्हता.