मदत हवी आहे: डिमेन्शिया – आईला बसताना अंदाज येत नाही, दुखलेलं सांगता येत नाही

नमस्कार मंडळी,

आई ७८ वर्षांची, अल्झायमर्स मधल्या टप्प्यात. विसरण्याचं आता आमच्या अंगवळणी पडलंय. सध्याची अडचण वेगळी आहे. खुर्ची समोर दिसते तोवर ठीक, पण पाठ फिरवली की मागे खुर्ची आहे हेच तिला उमगत नाही. अर्धवट वाकून थबकते, माझा दंड घट्ट धरते, "पडेन गं मी" म्हणते. खांदे दाबून बसवायला गेलं तर अंग आणखी ताठ करते.

न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, डोळे ठीक आहेत. आपले हातपाय कुठे आहेत, वस्तू किती लांब आहे याचा मेळ घालणारा मेंदूचा पराइटल भाग कमजोर होतोय. दारातलं काळं पायपुसणं तिला खड्ड्यासारखं वाटायचं, ते आम्ही काढलं.

पोटऱ्यांना खुर्चीची कड लागेपर्यंत तिला मागे सरकवायचं, तिचाच हात खुर्चीच्या हातावर ठेवायचा, मग एवढंच म्हणायचं, "बस." याने बरंच जमतं. कमोडवर मात्र जमत नाही. पांढऱ्या फरशीवर पांढरं भांडं, आणि धरायला काही नाही. गडद रंगाची सीट, बाजूला दांडा असं कुणी बसवलंय का? दांडा किती उंचीवर घेतलात?

खरी काळजी दुखण्याची आहे. मध्यंतरी तिच्या पायाचं बोट सुजून लाल झालेलं आंघोळ घालताना दिसलं. विचारलं तर "कुठे काय?" त्या सुमारास ती ताट सरकवत होती, कुशीवर वळवू देत नव्हती, एवढाच काय तो इशारा. डॉक्टरांनी दुखणं ओळखायला पेनॅड (PAINAD) नावाची मोजपट्टी दिलीय: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत काढल्यावर शांत होते का, प्रत्येकी ० ते २ गुण. पण आंघोळीच्या भीतीनेही हेच गुण वाढतात. दुखणं आणि भीती तुम्ही वेगळी कशी ओळखता? लघवीला लागलं की ती पदर चाळवते, हे आता कळलंय. बद्धकोष्ठ किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाची अशी काही खूण तुमच्याकडे दिसली होती का?

आम्ही सांगलीत असतो. घरी येऊन डिमेन्शियाच्या माणसाला बसतं-उठतं करणारे फिजिओथेरपिस्ट माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. औषधं डॉक्टर बघताहेत; मला रोजच्या हाताळणीचे अनुभव हवे आहेत.