मदत हवी आहे: प्रॉमिस.ऑल लावलं तरी बेरीज एकाच विणकराची येते

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या वडगावात आमचे यंत्रमाग आहेत. दर शनिवारी सहा विणकरांची मजुरी वाटायची असते. आप्पांचा वहीचा ताप वाचावा म्हणून नोड.जेएसमध्ये (म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये) छोटा प्रोग्राम लिहिलाय. कुणी किती साड्या विणल्या ते डेटाबेसमधून येतं, दरानं गुणायचं आणि बेरीज करायची, एवढंच काम.

आधी फॉरईच वापरलं, म्हणजे यादीतल्या प्रत्येक विणकरासाठी तेच काम करायचं, आत असिंक फंक्शन, म्हणजे डेटाबेसचं उत्तर सावकाश आलं तरी चालणारं. स्क्रीनवर आलं, एकूण मजुरी 0. आप्पा चष्मा वर करून म्हणाले, "आठवडाभर माग खडखडायलेत की रे, मग सगळ्यांनी फुकट विणलं काय?" शोधल्यावर कळलं, फॉरईच अवेटसाठी, म्हणजे 'उत्तर येईपर्यंत थांब' या सूचनेसाठी, थांबतच नाही. उत्तरं यायच्या आधीच बेरीज छापून मोकळं.

मग मॅपनं सगळ्यांची कामं एकदम सुरू केली आणि सगळी उत्तरं येईपर्यंत थांबायला प्रॉमिस.ऑल लावलं. आता शून्य गेलं, पण एकाच विणकराची रक्कम येते. तीही दरवेळी निराळी, कधी 3,200, कधी 2,750. आतली ओळ अशी आहे:

बेरीज += अवेट मजुरी(विणकर)

उद्याच शनिवार आहे. कुठं चुकतंय सांगा की.

प्रतिसाद, खानापूरहून:

दादा, चूक त्याच ओळीत आहे. += आधी डावीकडची बेरीज वाचतं आणि मग अवेटवर थांबतं. सहाही फंक्शनं एका दमात सुरू होतात, म्हणजे सहाही जण हातात 0 धरून बसलेत. उत्तर आलं की जो तो 0 मध्ये आपली मजुरी मिळवून लिहितो, आधीच्याचं पुसून. ज्याचं उत्तर शेवटी येईल, त्याचीच रक्कम उरते. थ्रेड एकच असला, म्हणजे एका वेळी एकच काम चालत असलं, तरी हे होतं, कारण अवेटला थांबलं की मधे दुसऱ्याचा नंबर लागतो.

फंक्शनातून नुसती रक्कम परत करा. प्रॉमिस.ऑलची यादी हातात आली की रिड्यूसनं, म्हणजे यादीतल्या रकमा एकेक करून मिळवत, बेरीज घ्या. आणखी एक, एकाची नोंद आणताना एरर आला तर प्रॉमिस.ऑल सगळ्यांचंच अडवतं. पगाराला ते बरं नव्हे. ईएस 2020 मधलं ऑलसेटल्ड बघा, क्रम तोच राहतो, कुणाचं राहिलं ते लगेच कळतं.

धागाकर्ता:

झालं! बेरीज वहीशी रुपयाला रुपया जुळली. आप्पांनी स्वतः दोनदा चालवून बघितलं, दोन्ही वेळा 17,950. लई आभार. आता म्हणतात, कांड्या भरणाऱ्या बायकांचाही हिशेब यात घाल. आज रात्री त्यालाच बसतो.