अनेक काउंट्यांचा एकत्रित आर्थिक आराखडा: प्राधान्य कशाला द्यावे?

प्रश्न: अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पूर्व भागात कोळसा खाणींतला रोजगार आटला आहे. आमच्या भागाचा एकत्रित आराखडा करताना प्रत्येक काउंटी (आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) स्वतःच्याच औद्योगिक वसाहतीचा आग्रह धरते. प्राधान्यक्रम कसा ठरवावा?

उत्तर १: हा आराखडा किमान ५ वर्षांतून एकदा नव्याने करावा लागतो आणि संघीय आर्थिक विकास प्रशासनाच्या बांधकाम अनुदानासाठी प्रकल्प त्याच्याशी सुसंगत असावा लागतो, त्यामुळे प्रत्येकाची मागणी त्यात कोंबण्याचा मोह होतो, पण मागण्यांची जंत्री म्हणजे नियोजन नव्हे. कामगार रोज कोणत्या काउंटीतून कोणत्या काउंटीत जातात, ते आधी नकाशावर मांडा, म्हणजे कोणत्या प्रकल्पाचा उपयोग अनेक काउंट्यांना होईल ते दिसेल.

उत्तर २: सहमत, मात्र निधीचे गणितही पाहा. ॲपलाचियन पर्वतीय भागाच्या विकासासाठी १९६५ मध्ये स्थापन झालेला ॲपलाचियन प्रादेशिक आयोग बेरोजगारी, दरडोई बाजार-उत्पन्न (सरकारी मदत वगळून मिळणारे उत्पन्न) आणि दारिद्र्य यांवरून काउंट्यांची वर्गवारी करतो. सर्वांत अडचणीतील काउंटीत तो खर्चाचा ८० टक्क्यांपर्यंत वाटा उचलतो, मधल्या गटात ५० टक्क्यांपर्यंतच. उरलेली रक्कम कोण भरणार, हे लेखी ठरल्याशिवाय प्रकल्प यादीत घेऊ नये.

प्रश्नकर्ता: दोन काउंट्यांची पाण्याची सामाईक जलवाहिनी असेल, तर देखभालीचे काय?

उत्तर २: पाणीवापराच्या प्रमाणात वाटणी करावी आणि ती करारातच नमूद करावी, अनुदानातून वाहिनी उभी राहते, पंपाचे वीजबिल मात्र दरमहा येतच राहते.