बंद पडलेल्या डोमेन कंट्रोलरच्या उरलेल्या नोंदी कशा काढायच्या?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमच्या ठाण्याच्या वागळे इस्टेट शाखेतला डोमेन कंट्रोलर (लोकांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) कायमचा गेला, त्यामुळे रीतसर डिमोट करता, म्हणजे कंट्रोलरच्या भूमिकेतून काढता आला नाही. महाप्याचा कंट्रोलर चालू आहे, सगळे रोल (डोमेनमधली खास कामं) त्यावर सीझ केलेत, म्हणजे जबरदस्तीने हलवलेत. जुन्याचं कॉम्प्युटर अकाउंटही डिलीट केलं. विंडोज सर्व्हर २००८ पासून मेटाडेटा (डोमेनच्या डेटाबेसमधल्या त्याच्या नोंदी) त्यातच साफ होतो.

तरी डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हर शोधून देणारी यंत्रणा) वागळे साइटच्या एसआरव्ही नोंदी, म्हणजे कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर ते सांगणाऱ्या नोंदी, जुन्याच सर्व्हरकडे बोट दाखवतात. सकाळी लॉगिनला लोक बिचारे ताटकळतात. साइट्स अँड सर्व्हिसेस या टूलमध्येही त्याचं नाव दिसतं, खाली एनटीडीएस सेटिंग्ज (तो कंट्रोलर असल्याची खूण) मात्र नाही, म्हणजे ते उडवायला हरकत नसावी.

एसआरव्ही, सीनेम (टोपणनावाच्या) आणि एनएस (नेमसर्व्हरच्या) नोंदी हातानेच काढू ना? नंतर महाप्याचा कंट्रोलर वागळे साइटच्या नोंदी आपोआप घालेल, की नेटलॉगॉन (या नोंदी घालणारी विंडोज सेवा) रीस्टार्ट करावं लागेल? कृपया अनुभवी मंडळींनी सांगा.