१० किलोच्या रोबॉटला ९.५ किलो झेपेना, मदत हवी आहे

मंडळी, जरा तातडीने मदत हवीये. मी मेकॅनिकल डिझाइनला आहे, ३ वर्षं नुसती जिग-फिक्स्चर केली, रोबॉटचा ग्रिपर (पार्ट पकडणारा पंजा) हा पहिलाच आणि प्रथमग्रासे मक्षिकापात. पार्ट ६ किलोचा, सक्शन ग्रिपर ३.५ चा, रोबॉटचं पेलोड (उचलायची क्षमता, ग्रिपर धरून) १०, म्हटलं अर्धा किलो हातात आहे की. पण ट्रायलला स्पीड ३० टक्क्यांच्या वर नेला की पाचव्या अ‍ॅक्सिसला (मनगटाच्या सांध्याला) ओव्हरलोड येतो आणि गडी जागच्या जागी थांबतो. प्रोग्रामर म्हणतो ग्रिपर जड झालाय, मी म्हणतो प्रोग्राम बघ, आणि साहेब दोघांकडे बघत उभे. ग्रिपरची १२ मिमीची अ‍ॅल्युमिनियम प्लेट ८ ची करू का? मोठा रोबॉट मागायचं तोंड नाही, हा मीच निवडलाय.

नटबोल्ट : प्लेटला हात लावू नकोस. वजन एक तृतीयांश घटेल पण ताठपणा जाडीच्या घनात जातो, जेमतेम ३० टक्के उरेल, मग सक्शन कप टेकले की प्लेट वाकणार आणि तुझं व्हॅक्यूम सुटणार. पार्ट धरल्यावर सीजी (गुरुत्वमध्य) फ्लँजपासून (रोबॉटच्या टोकाला ग्रिपर बसतो ती चकती) किती लांब आहे ते सांग आधी.

धागाकर्ता : कॅडमध्ये १६० मिमी दाखवतंय. ट्रेत खोल उतरायचं म्हणून कपांना १०० चे स्टँडऑफ (लांबी वाढवणारे दांडे) दिलेत.

नटबोल्ट : आणि पाचवा अ‍ॅक्सिस फ्लँजच्या मागे असतो, ते अंतर?

धागाकर्ता : ८०. हे धरलंच नव्हतं :(

नटबोल्ट : मग २४० झाले. मनगट आडवं असताना ९.५ × ९.८१ × ०.२४ म्हणजे साधारण २२.४ न्यूटन मीटर, तेही रोबॉट हलत नसताना. डेटाशीटमध्ये पाचव्याला किती चालतं बघ. शिवाय इनर्शिया (फिरवायला होणारा विरोध) अंतराच्या वर्गात वाढतो, ती मर्यादा वेगळी दिलेली असते. १० किलो हा आकडा सीजी जवळ असेल तेव्हाचा, पेलोड डायग्राम त्यासाठीच छापतात आणि तोच कोणी उघडत नाही (मीही उघडला नव्हता, पहिल्यांदा).

तिरपा पाना : कंट्रोलरमध्ये टूलचा सीजी टाकलाय का? बरेचदा नुसतं वजन टाकून मोकळे होतात. आणि इजेक्टर (हवेने व्हॅक्यूम तयार करणारा), व्हॉल्व्ह ग्रिपरवर असतील तर तिसऱ्या अ‍ॅक्सिसजवळ बसव, तिथे जादा वजनाला सहसा जागा दिलेली असते. नळी लांबली की सक्शन यायला वेळ लागतो, तेवढं सायकल टाइममध्ये धर.

धागाकर्ता : पाना, सीजी खरंच शून्य होता! टाकल्यावर ५० टक्क्यांपर्यंत चालला, पण पाचव्याची मर्यादा २२ च आहे, म्हणजे माझीही चूक आहेच. स्टँडऑफ ४० केले तर कॅडमध्ये सीजी अ‍ॅक्सिसपासून १८५ वर येतोय, १७.२ न्यूटन मीटर, पण मग ग्रिपरची फ्रेम ट्रेच्या कडेला घासतेय. ट्रेची भिंत कापायला सांगू की फ्रेमच अरुंद करू? कप ४ आहेत, ५० मिमीचे.