डिझेल गाडी चढावर तापते, थर्मोस्टॅट बदलू का?

प्रश्न: सपाट रस्त्यावर ठीक, चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) भरलेलं आहे, फॅन फिरतो. काटा वर असतानाही रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) जेमतेम कोमट लागतो.

उत्तर १: थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडत नसावा. इंजिन थंड झाल्यावरच रेडिएटरची कॅप उघडा. थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात दोरीने टांगा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवत जा. त्यावर ८२ कोरलं असेल तर साधारण त्याच अंश सेल्सिअसला व्हॉल्व्ह हलायला हवा आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडायला हवा.

उत्तर २: आधी थर्मोस्टॅटचं हाउसिंग (तो बसतो ते कवच) कुठे आहे ते बघा. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजकडे असतो; तिथे तो अडकला तर वरचा होज तापतो आणि खालचा थंड राहतो. चोंदलेल्या रेडिएटरचंही लक्षण हेच, म्हणून नुसत्या होजवर निकाल देऊ नका.

उत्तर ३: बसवताना स्प्रिंग इंजिनच्या बाजूला, हवा सोडायची पिन वर. जोडावरचं जुनं गॅस्केट (गळती रोखणारी चकती) पूर्ण खरवडा, बोल्ट आलटून पालटून आवळा. अॅल्युमिनियमचं हाउसिंग जास्त आवळलं की तडकतं. कूलंट निम्मं, डिस्टिल्ड वॉटर निम्मं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून कूलंटमध्ये अडकलेली हवा काढा, नाहीतर नवा थर्मोस्टॅटही वेळेवर उघडणार नाही. थर्मोस्टॅटशिवाय गाडी मुळीच चालवू नका. थंड इंजिन सुरू करताच कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) तपासा.